शिलावर्तुळांतील घोडे

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे १० किलोमीटर गेल्यावर जुनापाणी हे ठिकाण लागते. येथील मुरमाड, उंचसखल माळावर काळ्या दगडांची वर्तुळे पसरलेली आहेत. प्रथमदर्शनी त्यांत लक्ष वेधून घेण्याजोगे काही नाही. मोठमोठे धोंडे एकाशेजारी एक असे गोलाकार मांडलेले, मध्ये माती व गोटे यांचा किंचित उंचवटा, आणि वर पावसाळ्यात उगवून उन्हाळ्यात करपणारे गवत. जवळ जाऊन पाहिले असता काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान लहान खळगे ओळीने कोरलेले दिसतात. अशी वर्तुळे एकट्या जुनापाणीलाच आहेत असे नव्हे. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी, बोरगाव अशा नागपूर जिल्ह्यातील अनेक गावांच्या शिवारांत ती आढळतात. एकोणिसाव्या शतकात आसपासचे लोक ती प्राचीन गवळ्यांची म्हणून सांगत. वस्तुतः ती दफने होत. इ. स. पूर्वीच्या पहिल्या सहस्रकात या प्रदेशात राहणाऱ्या लोकांनी आपले मृत येथे पुरले. त्यांच्याजवळ काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी व खंजीर, तांब्याच्या बांगड्या आणि अकीकाचे मणी ठेवले. आणि कित्येक वर्तुळांत घोडाही ठेवला.

घोडा का ठेवला, हा प्रश्न विचारण्यास सोपा परंतु उत्तर देण्यास कठीण आहे. या लोकांना लेखनकला अवगत असल्याचा पुरावा नाही. त्यांच्या भाषेचा एक शब्दही आपणांस ठाऊक नाही. जे काही सांगावयाचे ते हाडे, धातू आणि माती यांवरूनच सांगावे लागते, आणि हाडांकडून किती बोलवून घ्यावे याला मर्यादा आहेत. त्या मर्यादा कोणत्या हे समजण्यासाठी, जेथे मृतांच्या सोबतचे प्राणी आणि त्यांविषयीचे लेख हे दोन्ही शिल्लक आहेत अशा देशाकडे, म्हणजे प्राचीन इजिप्तकडे, प्रथम पाहणे इष्ट होईल.

इजिप्तमधील थडग्यांच्या भिंतींवर, पेट्यांवर व पपायरसच्या गुंडाळ्यांवर प्राण्यांची दाटी आहे. त्यांत सर्वांत परिचित आकृती म्हणजे काळ्या, ताठ कानांच्या श्वानसदृश अनुबिसची. नाईलच्या काठची सुपीक पट्टी संपून वाळवंट सुरू होते तेथे दफनभूमी असत, आणि तेथेच कोल्हेकुत्री उकराउकर करीत फिरत. जो प्राणी प्रेताची विटंबना करू शकतो त्यालाच प्रेताचा रक्षक मानावयाचे, असा या श्रद्धेचा उगम पुष्कळ अभ्यासक सांगतात. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना सापडलेल्या तुतानखामेनच्या थडग्यात, कोठाराच्या दाराशी, कापड पांघरलेला असा एक अनुबिस पेटाऱ्यावर बसलेला होता. त्याचा रंग काळा. परंतु तेथील कोणताही रानटी श्वान असा काळाभोर नसतो. तो रंग नाईलच्या गाळाचा व पुनर्जन्माचा समजला जाई. गमतीची गोष्ट अशी की, ज्या प्राण्याला दीर्घकाळ ‘सोनेरी कोल्हा’ म्हटले गेले तो आनुवंशिक अभ्यासांवरून कोल्ह्यापेक्षा लांडग्याच्या अधिक जवळचा ठरला, आणि २०१५ पासून त्याला आफ्रिकी सोनेरी लांडगा या नावाने वेगळी जात मानण्यात येऊ लागले. देवाच्या मूर्तीत मात्र त्यामुळे काही फरक पडत नाही; चित्रकाराने प्राणिशास्त्राचा नमुना काढलेला नव्हता.

सर्वच प्राणी रक्षक नव्हते. मध्य राज्याच्या काळातील थडग्यांत निळ्या चकाकीच्या पाणघोड्यांच्या सुंदर मूर्ती मिळतात. त्यांच्या अंगावर कमळे व पाणवनस्पती रंगविलेल्या असतात, आणि त्यांपैकी कित्येकांचे पाय मुद्दाम मोडलेले असतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातील प्रसिद्ध निळ्या पाणघोड्याचे तीन पाय नंतर जोडून दिलेले आहेत. पाणघोडा नावा उलथवितो. तो थडग्यात सजीव झाला तर मृतालाच अपाय करील, म्हणून त्याला अगोदरच पंगू करून ठेवावयाचा. थडग्यातील लेखांत तर चित्रलिपीतील प्राणिचिन्हे अर्धवट कापलेली किंवा तुकड्यांत काढलेली आढळतात. अक्षरसुद्धा चालू लागेल अशी ही भीती! चित्र म्हणजे शोभा नव्हे, चित्र म्हणजे प्रत्यक्ष शक्ती, ही इजिप्शियन धारणा यावरून जितकी स्पष्ट होते तितकी ती कोणत्याही तात्त्विक विवेचनाने होणार नाही.

शेणाची गोळी लोटीत नेणारा भुंगा हा तेथे सूर्याला लोटणाऱ्या देवाचे रूप ठरला. दगडात कोरलेला असा भुंगा ममीच्या छातीवर ठेवीत, आणि त्याच्या पोटावर हृदयाला उद्देशून विनवणी कोरीत की, न्यायाच्या वेळी त्याने आपल्या धन्याविरुद्ध साक्ष देऊ नये. कारण पुढे तराजू होता. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्याचे पीस. आणि शेजारी मगरीचे तोंड, सिंहाचा पुढचा भाग व पाणघोड्याचा मागचा भाग असलेली अम्मित तोंड वासून बसलेली. इजिप्शियनांना ठाऊक असलेले माणूस खाणारे वा मारणारे तीन मोठे प्राणी तिच्यात एकवटलेले आहेत.

याहून निराळा प्रकार ममी केलेल्या प्राण्यांचा. उत्तरकाळात भाविक लोक देवाला नवस म्हणून प्राण्यांच्या ममी अर्पण करीत. सक्कारा येथील अनुबिसच्या भुयारांत अशा सुमारे ८० लाख प्राण्यांचे, मुख्यतः कुत्र्यांचे, अवशेष असावेत असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मँचेस्टर येथील संशोधकांनी क्ष-किरणांनी तपासलेल्या आठशेहून अधिक प्राणिममींपैकी जवळजवळ एक तृतीयांश ममींत प्राण्याचे एकही हाड नव्हते. कापडात चिखल, काड्या व पिसे गुंडाळलेली होती. आणि १८९० मध्ये बेनी हसन येथून सुमारे १९ टन मांजरांच्या ममी लिव्हरपूलला नेऊन शेतखत म्हणून विकण्यात आल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

म्हणजे एकाच देशात, मृतांच्या संदर्भात, प्राणी हा देवाचे रूप असू शकतो, भयाचे कारण असू शकतो, नवसाची वस्तू असू शकतो, आणि याखेरीज घरचे लाडके जनावर किंवा मृताचे अन्नही असू शकतो. लेख नसते तर हे भेद कोणी ओळखले असते काय? निळ्या पाणघोड्याला आपण खचित देव ठरविला असता.

घोडा इजिप्तमध्ये उशिरा, इ. स. पू. सतराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास, आला. त्यामुळे तेथील प्राचीन देवमंडळात त्याला जागा मिळाली नाही. तथापि थीब्ज येथे सेनेनमुत या राणी हात्शेप्सुतच्या अधिकाऱ्याच्या थडग्यापाशी पेटीत पुरलेला एक घोडा सापडला आहे. आणि इजिप्त जिंकणारा कुश देशाचा राजा पिये याच्या बाबतीत तर पुरावा फारच बोलका आहे. आजच्या सुदानमधील अल-कुर्रू येथे पिये व त्याचे तीन वारस यांचे मिळून २४ घोडे, उभ्या स्थितीत व अलंकारांसह, पुरलेले जॉर्ज रायझनर यांना १९१९ मध्ये आढळले. याच पियेच्या विजयलेखात, हर्मोपोलिस नगर शरण आल्यावर तेथील तबेल्यातील घोडे उपाशी पाहून राजा कसा संतप्त झाला, याचे वर्णन आहे. दफन आणि लेख यांची अशी गाठ क्वचितच पडते. पियेचा काळ इ. स. पू. आठव्या शतकाचा, म्हणजे विदर्भातील शिलावर्तुळांच्या काळाशी तो बराच जुळतो. या दोहोंमध्ये काही संबंध होता असे मात्र यावरून मुळीच समजू नये.

आता पुन्हा विदर्भाकडे वळू. या वर्तुळांकडे विद्वानांचे लक्ष वेधणाऱ्यांत रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे अग्रणी होते. नागपुरातील महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच हे मिशनरी व भूगर्भसंशोधक. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील वर्तुळांचे खोदकाम पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या नाल्यात ते बुडाले. त्यानंतर मध्यप्रांतातील अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीची काही वर्तुळे उकरली व १८७९ मध्ये त्यांविषयी लेख प्रसिद्ध केला. त्यांना या वर्तुळांचे ब्रिटनमधील प्राचीन दफनांशी असलेले साम्य फार महत्त्वाचे वाटले. त्या काळी अशा साम्यांवरून मोठमोठी स्थलांतरे कल्पिण्याची प्रथाच होती.

शास्त्रीय पद्धतीचे उत्खनन मात्र बरेच पुढे झाले. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बा. कृ. थापर यांनी जुनापाणी येथे काही वर्तुळे खणली, तेव्हा अश्वकुळातील प्राण्याचे अवशेष मिळाले. नंतर नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा येथे १९६८-६९ मध्ये आणि माहुरझरी येथे १९७० ते १९७२ या काळात उत्खनने केली. माहुरझरीने या विषयाला खरी दिशा दिली. तेथे घोड्यांची हाडे तर मिळालीच, परंतु त्यांबरोबर लोखंडी कडियाळी, म्हणजे लगामाचा जो भाग घोड्याच्या तोंडात राहतो तो, आणि घोड्याच्या तोंडावर बांधावयाचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही मिळाले. काही हाडांवर शस्त्राच्या कापाच्या खुणा होत्या.

यांतील प्रत्येक गोष्टीचा अर्थ वेगळा लावावा लागतो. प्रथम, हा प्राणी घोडाच कशावरून? गाढव, कच्छच्या रणातील रानगाढव आणि घोडा यांची हाडे एकमेकांशी पुष्कळ मिळतीजुळती असतात. दाढांच्या पृष्ठभागावरील दंतवल्काच्या वळ्या आणि पायांच्या हाडांची जाडी यांवरून तज्ज्ञ तो भेद ठरवितात. घोड्याचे वय त्याच्या पुढच्या दातांच्या झिजेवरून कळते, ही गोष्ट घोडेबाजारातील दलालालाही ठाऊक असते. पुरातत्त्वज्ञ त्याच ज्ञानाचा उपयोग करतो. कडियाळे सापडले म्हणजे हा घोडा माणसाच्या ताब्यातला, शिकविलेला होता, हे निश्चित. खरा घोडा या प्रदेशातील रानात कधी नव्हता. तेव्हा तो स्वतः किंवा त्याचे पूर्वज बाहेरून आलेले असले पाहिजेत, आणि तो बाळगणे ही खर्चाची बाब असली पाहिजे.

कापाच्या खुणांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. धातूच्या पात्याचा काप आडव्या छेदात अरुंद व टोकदार दिसतो. उंदीर-घुशींच्या दातांच्या खुणा रुंद व समांतर असतात. मुळांनी पाडलेल्या खुणा वेड्यावाकड्या फिरतात. एवढा भेद भिंगातून करता येतो. परंतु काप शस्त्राचाच आहे हे ठरल्यावरही, तो जनावर मारताना झाला, मांस काढताना झाला, की कातडे सोलताना झाला, हे त्याच्या जागेवरून ताडावे लागते. माहुरझरीच्या खुणांवरून घोड्याचा बळी दिला गेला असावा असे अनुमान काढण्यात आले आहे, आणि ते समंजस आहे. मृताच्या दफनप्रसंगी त्याचा घोडा मारून बरोबर द्यावयाचा ही चाल जगात अनेक ठिकाणी होती. अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथे साधारण याच सहस्रकाच्या उत्तरार्धात, सरदारांच्या दफनांत घोडे मारून पुरीत, आणि त्यांच्या डोक्यांवर नमदा व चामडे यांचे मुखवटे घालून त्यांवर हरणाची शिंगे चढवीत. गोठलेल्या जमिनीमुळे तेथे घोड्यांचे केससुद्धा टिकले. विदर्भाच्या काळ्या मातीत चामडे वा नमदा टिकण्याची आशाच नाही; राहिला तो फक्त तांब्याचा पत्रा. तो कशावर शिवलेला होता हे त्या पत्र्याला विचारून कळत नाही.

मात्र बळी म्हटले की वैदिक अश्वमेधाची आठवण काढावयाची, हा मोह आवरणे बरे. अश्वमेध हा राजाच्या सत्तेचा यज्ञ होता. शिलावर्तुळातील घोडा हा एका मृत व्यक्तीच्या शेजारचा आहे. दोहोंत घोडा आहे, एवढेच साम्य.

घोड्यांमुळेच या लोकांविषयी एक मोठा वाद उभा राहिला. १९७४ मध्ये लॉरेन्स लेश्निक या विद्वानाने असे प्रतिपादन केले की, दक्षिणेतील अशी दफने करणारे लोक हे स्थिर वस्ती नसलेले, घोडी-गुरे घेऊन फिरणारे पशुपालक असावेत. दफने विपुल आणि गावे विरळ, हा त्याच्या तर्काचा आधार. पुढे १९७७ ते १९८० या काळात डॉ. देव व डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी पेंच नदीकाठच्या नायकुंडला उत्खनन केले, तेव्हा दफनांजवळच वस्तीचे थर, धान्याचे जळके दाणे आणि लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. भट्टी पाठीवर टाकून कोणी फिरत नाही. आज या लोकांत शेतकरी, गुराखी, लोहार, मणी घडविणारे असे अनेक प्रकारचे लोक होते असेच मानणे योग्य दिसते. घोडा हा त्यांपैकी काहींचा. जबलपूरहून शिवनीमार्गे नागपूरकडे येणाऱ्या महामार्गापासून नायकुंड फारसे दूर नाही, परंतु वाटसरू तेथे क्वचितच वळतो.

घोड्याखेरीज या दफनांत आणखी एक प्राणिरूप आहे, आणि ते हाडाचे नसून धातूचे आहे. तांब्याच्या भांड्यांची काही झाकणे अशी मिळाली आहेत की, त्यांच्या मुठीवर पक्ष्यांच्या लहान आकृती बसविलेल्या आहेत. इजिप्तमध्ये मृताच्या ‘बा’ या अंशाला मानवी मुखाच्या पक्ष्याचे रूप देत; तो थडग्यातून बाहेर पडे आणि परत येई. आपल्याकडेही पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणारे लोक घरोघर आहेत. तेव्हा झाकणावरचा पक्षी पाहून आत्म्याची कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. पण झाकण उचलण्यास सोयीची म्हणून सुताराने वा तांबटाने मुठीला पक्ष्याचा आकार देणे हेही तितकेच स्वाभाविक आहे. पुरावा येथे थांबतो.

महाराष्ट्रात याहून जुना असा एक प्राणी मातीचा आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी आपल्या मृतांना घराच्याच जमिनीखाली पुरीत. लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून. अशाच एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणबंद पेटी निघाली. पेटीत एक स्त्रीमूर्ती होती, आणि पेटीवर एक शिरोहीन स्त्रीमूर्ती व एक बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोके होती. काडी घालून ती बैलावर बसविता येई. ही पेटी दफन नव्हे. परंतु ज्या जमिनीत मुले पुरावयाची त्याच जमिनीत देवता व बैलही पुरून ठेवावयाचे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

दीड-दोन हजार वर्षांनंतर प्राणी जमिनीखालून वर, दगडावर आले. महाराष्ट्रातील असंख्य गावांच्या वेशीवर वा शिवालयाच्या आवारात वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत पुष्कळदा गाईंचा कळप कोरलेला असतो. कारण गाई पळविणाऱ्यांशी लढताना मेलेल्या माणसाचे ते स्मारक असते. वर युद्ध, त्यावर अप्सरांबरोबर स्वर्गारोहण, शेवटी शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. येथे प्राणी हा बळी नाही, रक्षकही नाही. तो मरणाचे कारण आहे, आणि कोरणाऱ्याला ते कारण सांगावयाचे होते. घराण्यातील मृत वीराचा टाक करून देव्हाऱ्यात पुजण्याची चाल अद्याप चालू आहे; त्या इवल्या चांदीच्या पत्र्यावर वीर बहुधा घोड्यावर बसलेला असतो.

सातपुड्यातील कोरकू लोकांची चाल याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. मेळघाटपासून बैतूलपर्यंतच्या या लोकांत मृताच्या स्मरणार्थ ‘सिडोली’ नावाचा विधी करतात आणि सागाची कोरीव फळी, जिला ‘मुंडा’ म्हणतात, ती गावाबाहेर झाडाखाली उभी करतात. तीवर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरलेला असतो. आर. व्ही. रसेल आणि त्या वेळच्या जबलपूर जिल्ह्यातील मुडवारा, म्हणजे आजचे कटनी, येथील रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कोरकूंच्या या विधीची माहिती आढळते. डोंगरात राहणाऱ्या या समाजाच्या रोजच्या जीवनात घोड्याला फारसे स्थान नव्हते. तरीही मेल्यावर प्रत्येकजण स्वार होतो. घोडा येथे जनावर राहिलेला नाही. तो मान झाला आहे. माहुरझरीच्या माणसाला त्याच्या घोड्यासह पुरणाऱ्यांच्या मनात यापैकी काय होते, प्रत्यक्ष वाहन की मान, हे ठरविता आले असते तर फार बरे झाले असते.

प्राण्याची आठवण दगडाशिवायही राहते. जबलपूरच्या विजय नगर वसाहतीतून निघून मंडल्याच्या रस्त्याने गेले की बरेल्याजवळ नर्रई येथे राणी दुर्गावतीची समाधी आहे. २४ जून १५६४ रोजी मोगल सैन्याशी लढताना तिने देह ठेवला. तिच्या हत्तीचे नाव, सरमन, तेथील लोक आजही सांगतात. समाधीवर पांढरा खडा ठेवून पुढे जाण्याचा वाटसरूंचा प्रघात जुना आहे.

शिलावर्तुळांवर खडा ठेवणारे कोणी उरलेले नाही. उलट त्यांचे दगड नेले जातात. नागपूर जिल्ह्यातील अनेक वर्तुळस्थळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत आहेत. तथापि खाणी, नांगरट, मुरूम उकरणे आणि वाढत्या शहराचे भूखंड यांनी कित्येक वर्तुळे नाहीशी झाली आहेत. रचलेल्या धोंड्यांची किंमत कोणालाही दिसते. आतल्या मातीची दिसत नाही. आणि घोड्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर त्या मातीतच असण्याचा संभव आहे. जनावर लहानपणी ज्या जमिनीवरचे गवत खाते व जे पाणी पिते, त्यांतील स्ट्राँशियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे प्रमाण त्याच्या दातांच्या वल्कात कायमचे नोंदले जाते. दख्खनच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या घोड्याचा दात आणि उत्तरेकडील गाळाच्या मैदानात वाढलेल्या घोड्याचा दात हे त्यामुळे प्रयोगशाळेत वेगळे ओळखता येऊ शकतात. माहुरझरीचा घोडा विदर्भात जन्मला की शिंगराच्या वयानंतर कोणी विकत आणला, हे अशा एका दाढेवरून कळू शकेल. मात्र ती दाढ कोणत्या वर्तुळात, कोणत्या माणसाच्या शेजारी व किती खोलीवर होती याची नोंद तिच्याबरोबर असावी लागते. मुरमाबरोबर गाडीत भरली गेलेली दाढ घोड्याची आहे एवढेच सांगेल.